यू. राव, फोटो आर्टिस्ट, जवळा बाजार

१४ सप्टेंबर १९३७, वसमत
निश्चय. आजपासून हळदीच्या दुकानात पाऊल ठेवणार नाही. सासरे तातेराव यांची अट अशी: दसऱ्यापर्यंत एका तरी अनोळखी माणसानं राजीखुशीनं बसून फोटो काढून घेतला, तर कॅमेरा राहील. नाहीतर तो विकायचा आणि घरजावयानं निमूट तराजू धरायचा. बायको नर्मदाही त्यांच्याच बाजूनं. शेवटी बापाचीच लेक!
एकच माणूस? मी रांग लावीन. अनोळखी माणसाचं मन उघडायची रीत माझ्या विलायती पुस्तकात आहे. आधी हसावं, मग घरच्यांची चौकशी करावी.

२१ सप्टेंबर, जवळा बाजार
थावराच्या बैलगाडीतून आलो. एका शेतकऱ्याकडे पाहून हसलो. त्यानं आधी धोतर चाचपलं, मग वाट बदलली. तांड्यावरच्या पारुबाईला लेकरं किती, वयं काय, विचारलं. तिनं आरोळी ठोकली की देवी टोचणारा आला. बाजारात एक पोरगं दिसेना. अडाणी लेकाचे!
थावरा म्हणे, साहेब, तुमी हसू नका, लोक भिऊन राहिले. आता गाडीवानानं मला शिकवायचं!
एकूण सुरुवात चांगली. लोकांनी दखल घेतली.

२८ सप्टेंबर, सकाळ
नवी युक्ती. हैदराबादेत काढलेली माझी सुटाबुटातली तसबीर बाजारातल्या कडुलिंबाला टांगली. स्टुडिओवाल्यानं रंग उजळ आणि मिशी दाट केली आहे, पण रुबाब मूळचाच. फोटोनं माणूस कसा खुलतो, ते या गावंढळांना कळू दे.
फ्रेम भुंडी वाटली. सभेत पाहुण्याला हार घालतातच की! फुलवाल्या चतुराबाईकडे झेंडूचा मागितला. कुणासाठी, म्हणाली. तसबिरीकडे बोट दाखवलं. चुकचुकली, आणि पैसे घेईना. कलेची कदर आहे म्हणायची.

दुपार
चमत्कार! लोक आपणहून येत आहेत. चपला काढून तसबिरीला हात जोडतात. तांड्यावरच्या शंकरसिंगानं पागोटं उतरवलं. तीच पारुबाई डोळे पुसत होती. चतुराबाईनं विचारलं, ह्याला लेकरंबाळं हायत का? म्हटलं, अजून नाहीत. तर पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. काय ते चेहरे! मी काळ्या कापडाखाली शिरलो. तसबिरीशेजारी बसा म्हटलं की मुकाट बसत होते. फोटोच्या काचेच्या प्लेटा संपल्या, माणसं संपेनात.
तातेराव, हरलात!

२९ सप्टेंबर
निघणार तोच तातेराव, नर्मदा आणि भावकी गाडीतून उतरली. बैलांचा व्यापारी लालसिंग हारातली तसबीर बघून वसमतला सांगून आला होता की जावई गेले. नर्मदा मला पाहून जागीच बसली आणि रडू लागली. मीच धावत जाऊन तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, खोटं कशाला लिहू? मग ती उठली, आणि जिता माणूस स्वतःच्या फोटोला हार काहून घालतो, म्हणून भर रस्त्यात माझा उद्धार केला. मागास विचार!
प्लेटांचं सांगितलं. तातेराव म्हणाले, फोटोला कुणी बसलं न्हाई, समदे सुतकाला बसले. अटीत धरणार न्हाई.
चेहरा मात्र उतरला होता त्यांचा. मला जिवंत बघून, की कॅमेरा अजून विकायचा राहिला म्हणून, देव जाणे.

५ ऑक्टोबर, जवळा बाजार
आज हार नाही. तसबिरीखाली उभा राहून ठणकावून सांगितलं, हा मीच, मी जिवंत आहे! लोकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. चतुराबाई कडाडली, मेलेल्या भावाचं सोंग घेऊन बाजारात उभा राहतोस, लाज न्हाई वाटत? मागच्या बाजारी फोटोला बसलेल्या रूपसिंगानं तर ढेकूळच उचललं. तसबीर काखेत मारून निघालो.
यांच्याशी नातं जोडण्यात अर्थ नाही. लायकीच नाही.

१६ ऑक्टोबर, वसमत
दसरा झाला. कॅमेरा गेला. दुकानात नुसता देखरेखीला बसतो, तात्पुरता.
दुपारी चतुराबाई हळद घ्यायला आली. माझ्याकडे बघून नाक मुरडलं आणि तातेरावांना विचारलं, गेला त्यो तुमचाच जावई का? तातेराव माझ्याकडे न बघता व्हय म्हणाले. ती हळहळली. म्हणाली, लई देखणा होता हो, त्याच्यासाठी आमी समदे रडलो. आन् ह्या भावाला काहून ठेवून घेतला?
तातेराव म्हणाले, जाईल कुठं बिचारा.
मी हळद तोलून दिली.