‘सेट’ची वही

९ नोव्हेंबर १९९८
फर्स्ट शिफ्ट. आत शिरतानाच नोटीस बोर्डासमोर गर्दी. कदम साहेब जानेवारीअखेर रिटायर. त्यांच्या जागी सुपरवायझर शॉपमधलाच घेणार, इच्छुकांनी अर्ज करावा. वाचून छाती फुगली. मग शेवटची ओळ वाचली. मुलाखत डिसेंबरअखेर, इंग्रजीतून. परदेशातली पार्टी माल घेणार आहे, तिचे लोक शॉपमध्ये येणार, त्यांच्याशी बोलता आलं पाहिजे म्हणे.
एकवीस वर्षं सेटर आहे, मशीनला टूल लावून माप जुळवून देणारा. सातपुरातलं कुठलंही लेथ पुढ्यात ठेवा, आवाजावरून सांगतो काय दुखतंय. पण इंग्रजी म्हटलं की तोंडाला कुलूप.
सिंधूला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, “अर्ज तर टाका. नाही झालं तर आहात तिथं आहातच.” हिला सगळं सोपं वाटतं.

११ नोव्हें.
अर्ज टाकला. आणखी दोघे आहेत, दोघंही डिप्लोमावाले. त्यातल्या एकाला काम मीच शिकवलं.

१३ नोव्हें.
संध्याकाळी विहारात साळवे सरांना गाठलं. सर हायस्कूलातून रिटायर झालेत, आमच्याच कॉलनीत राहतात. जयभीम घातला आणि गाऱ्हाणं मांडलं. म्हणाले, “जाधव, दीड महिन्यात सगळी इंग्रजी येणार नाही. एकच शब्द घ्या. रोज हाताखालचा. त्याला सगळीकडून ओळखा, म्हणजे भीती जाईल.”
म्हटलं, मग सेट. तेवढा एक माझा आहे.
सर गालात हसले. आतून डिक्शनरी आणली. सेटला पानंच्या पानं! डोळे पांढरे झाले. एकवीस वर्षं ज्याच्या जिवावर पोट भरलं, त्याचं एवढं मोठं खानदान आहे, मला पत्ता नाही.

१६ नोव्हें.
नवी वही घातली, दोनशे पानी. रोज कामावर जाण्याआधी पाच अर्थ आणि संध्याकाळी पाच.
सूर्य बुडाला, सेट. मोडलेलं हाड बसवलं, सेट. सिमेंट घट्ट झालं, सेट. ताटं मांडली, सेट. गाण्याला चाल लावली, तीही सेट. या इंग्रजांना शब्दांचा तुटवडा होता की काय!

१७ नोव्हें.
आज डिक्शनरीत कोंबडी निघाली. कोंबडी अंड्यांवर बसवतात तेही सेट. मला खोटंच वाटलं. सिंधू घोटीकडची, तिला विचारलं. म्हणाली, “खुडूक झालेली कोंबडी बघून बसवायची, उगाच कुठलीही नाही बसत.” म्हणजे तिथंही सेटर लागतोच.

२२ नोव्हें.
थंडी पडली. सेट इन. वाक्य न शोधता आपसूक डोक्यात आलं. फार बरं वाटलं. गाडीला किक मारताना दोनदा मोठ्यानं म्हणालो, शेजारचे बघायला लागले.

२७ नोव्हें.
सेट इन हिज वेज, म्हणजे सवयी बदलणार नाही असा माणूस. सिंधूला अर्थ सांगितला. “हे तुमच्यावरच लिहिलंय,” म्हणाली. चहा बशीतूनच लागतो, डबा एकाच खिळ्याला टांगायचा, वगैरे यादी सुरू झाली. मी पान उलटलं.

२ डिसेंबर
आज सिंधूनं माझी जिरवली. मी इंग्रजीला नावं ठेवत होतो, एका शब्दाला किती कामं लावायची म्हणून. ती म्हणाली, “आणि आपलं लावणं? दिवा लावतो, दार लावतो, भात लावतो, नाव लावतो. शाळेत पोरांना वळण लावतो. तुम्ही टूल लावता.” मग म्हणाली, “जीवही लावतो.”
लग्नाला तेवीस वर्षं झाली, बाई अशी बोलेल असं वाटलं नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर तिचे सगळे लिहून घेतले. चौदा झाले. साळवे सरांना दाखवले तर म्हणाले, “गुरू बदला.”

८ डिसें.
दुपारच्या सुट्टीत दौलतला वही वाचून दाखवली. दौलत माझ्या मशीनवरचा ऑपरेटर. इगतपुरीहून गाडीनं नाशिकरोड, तिथून बसनं सातपूर. पोरगा टेंपररी, पण हात स्वच्छ. मार्चमध्ये कायम करायच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणाला, “भाऊ, तुमी सायब झाले की आमच्याशी इंग्लिशमधी बोलू नका हां. मला नाय समजायचं.”
सेट युअर हार्ट ऑन, म्हणजे मनापासून एखादी गोष्ट हवी असणं. मला ती जागा हवी आहे. इतके दिवस ‘मिळाली तर मिळाली’ म्हणत होतो, ते खोटं होतं. वहीत तरी खरं लिहावं.

१४ डिसें.
वाईट दिवस.
सकाळी पिनांचा नवा लॉट. टूल लावला, पहिला पीस काढला. आमचा नेम असा की पहिला पीस कट्ट्यावर ठेवायचा आणि चहाला जायचं. चहा होईस्तोवर पीस थंड होतो, मग मापायचा. गरम लोखंड फुगलेलं असतं, खोटं माप देतं. हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं आणि मी पुढं दहाजणांना शिकवलं. आज मला ती चहाची दहा मिनिटं वहीसाठी हवी होती. पीस गरम असतानाच मायक्रोमीटर लावला. बरोबर भरला. पास झाल्याचा निळा रंग लावला, सही केली, दौलतला म्हटलं चालू कर. आणि पेटीवर बसून पाठांतर.
जेवणानंतर इन्स्पेक्शनवाला आला. गार झालेल्या सगळ्या पिना बारीक. केसाहून कमी फरक, पण बारीक. जाड राहिल्या असत्या तर पुन्हा घासता आल्या असत्या. सत्तर पीस भंगारात.
रिजेक्शनच्या रजिस्टरात कारणाचा रकाना असतो. तिथं आजवर कोणीही स्वतःचं नाव लिहिलेलं नाही. ‘मटेरियल हार्ड’ नाहीतर ‘टूल ब्रेक’, दोन शब्दांत विषय संपतो. पण हे मटेरियल तपासून आलेलं होतं आणि टूल धडधाकट. कदम साहेब बाजूला घेऊन म्हणाले, “ऑपरेटरची चूक लिही. दौलत टेंपररी आहे. तुझी मुलाखत पंधरा दिवसांवर.” माणूस वाईट नाही, माझ्याच भल्याचं बोलत होता.
गाडीवरून बस स्टॉपवर सोडलं तेव्हा दौलत म्हणाला, “भाऊ, माझं नाव लिवा. मला काय, इथनं गेलो तं दुसरीकडं लागंन. तुमचं लय वर्सांचं हाय.” त्यानं असं म्हणायला नको होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
रजिस्टर उद्या भरायचं आहे.

१५ डिसें.
भरलं. कामाला लागायच्या आधीच, नाहीतर हिंमत गेली असती.
रजिस्टर इंग्रजीत असतं. दोन शब्दांच्या रकान्यात मी तीन वाक्यं लिहिली, शेवटचं समासात गेलं. ‘आय सेट द जॉब. आय डिड नॉट वेट फॉर फर्स्ट पीस टु कूल. नॉट ऑपरेटर्स मिस्टेक.’ खाली सही. कोणाला विचारलं नाही, डिक्शनरी उघडली नाही.
कदम साहेबांनी कपाळावर हात मारला. “आता हे रजिस्टर मॅनेजर साहेबांकडे जाणार. समजतंय ना?”
समजतंय.
घरी सांगितलं. सिंधूनं आधी ताट वाढलं. मग म्हणाली, “बरं केलंत.” आणि भाजी पुन्हा वाढली. एवढंच.

१६ डिसें.
साळवे सरांना ती वाक्यं कागदावर लिहून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “एक ‘द’ राहिलाय. पण राहू द्या.”
वही बंद. आता पाठांतर नाही. सत्तर पिनांना पुरेल एवढं पाठ झालं.

२९ डिसें.
मुलाखत. सिंधूनं कडक इस्त्री करून दिलेला शर्ट. टेबलापलीकडे तिघं, मधोमध मॅनेजर साहेब, आणि त्यांच्यापुढे ते रजिस्टर. नेमकं त्याच पानावर उघडलेलं.
पहिल्या दोन-तीन प्रश्नांना काय बोललो आठवत नाही. गाव, शिक्षण, किती वर्षं. अडखळलो, पण थांबलो नाही. मग साहेबांनी पानावर बोट ठेवलं. हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?
म्हटलं, “आय ओन्ली, सर.”
साहेबांशेजारी बसलेल्या बाई हसल्या. साहेब नाही हसले. इंग्रजीतच विचारलं, तुम्ही सुपरवायझर झालात आणि उद्या तुमच्या सेटरनं हेच केलं, तर काय कराल?
वहीतलं एकही सेट आठवेना. दीड महिन्याची मेहनत साफ पुसली गेली. तोंडात जे आलं ते बोललो. “सर, आय विल सेंड हिम टु टी.”
तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मग साहेब रजिस्टर मिटून म्हणाले, थँक यू. चांगलं की वाईट, देव जाणे.

३० डिसें.
डिप्लोमावाल्या दोघांच्या मुलाखती अर्धा अर्धा तास चालल्या म्हणे. माझी दहा मिनिटं. शॉपभर बातमी झालीच आहे, येता-जाता पोरं विचारतात, “जाधव भाऊ, टी?” हसू दे.

६ जानेवारी १९९९
काही कळलेलं नाही. गंमत म्हणजे बरं चाललंय. सकाळी पाठांतर नाही, म्हणून सिंधूबरोबर ओट्यावर उन्हात बसतो. काल तिनं वही मागितली. तिला लावण्याचे आणखी तीन आठवलेत.

१८ जाने.
फर्स्ट शिफ्ट. पिनांचा नवा लॉट, तोच नंबर. टूल लावला. पहिला पीस काढून कट्ट्यावर ठेवला. दौलतनं चहा आणला, दोघं पेटीवर बसलो. कप अर्धा झाला असेल, तेवढ्यात बोर्डाकडे गर्दी आणि गलका. दौलत धावत जायला उठला. “भाऊ, कागद लागला! चला की!”
मी पिसाला हात लावून पाहिला. कोमट होता.
म्हटलं, बस. थंड होऊ दे.