खाण थांबू नये म्हणून

३ मार्च
पोचले एकदाची! बसमधून उतरले तेव्हा केसांत, कानांत, दातांत धूळ, आणि तरी मी हसत होते. देशाच्या दक्षिणेत, आमच्याकडे, आभाळ बाराही महिने गळतं. इथे उत्तरेच्या वाळवंटात, पोसो सेकोत, पाऊस म्हणजे ऐकीव गोष्ट. ओतिलियाबाईंच्या, इथल्या बोलीत दोन्या ओतिलियाच्या, गच्चीवरची खोली मिळाली. बाई विधवा, जिभेने तिखट. माझी दुर्बीण पाहून म्हणाली, रोसाल्बा, पोरी, नवरा शोधायला इतक्या लांबून बघावं लागत नाही, या गावात बाप्येच बाप्ये आहेत. तिचा मुलगा अन्सेल्मो खाणीत मोठा ट्रक चालवतो. तो लाजून ताटातच बघत राहिला. जेवायला कोंबडीचा रस्सा होता, त्यात अख्खं कणीस.

५ मार्च
काम सोपं आहे. गच्चीवरून खाणीचा खड्डा दिसतो, भट्टीचं धुराडं दिसतं, तांबं बंदराकडे नेणारी मालगाडी दिसते. धूर पातळ झाला, ट्रक कमी फिरले किंवा गाडी रिकामी गेली, की सांतियागोला लारेनास साहेबांना कळवायचं. जगात तांबं कमी पडणार की उरणार, हे तांब्याचे सौदे करणाऱ्या त्यांच्या कंपनीला इतरांच्या आधी समजायला हवं. उपग्रह वरून पाहतोच, पण भट्टी निवलेली त्याला दिसते ती निवल्यावर. साहेब म्हणाले, झालेलं कुणीही सांगेल, होणारं सांगितलंस तर तुझी नोकरी पक्की. दोन्याला मी वाऱ्याच्या नोंदी घेते असं सांगून ठेवलंय. वाऱ्याच्या कसल्या डोंबलाच्या नोंदी, म्हणाली.

९ मार्च
सुट्टी. खाणीच्या रस्त्याने भटकून आले. फाटकाच्या अलीकडे, वळणावर एक अनिमिता आहे, वाटेत मेलेल्यासाठी बांधतात तशी, देवळीएवढी. पत्रा गंजलेला, ना क्रूस, ना नाव, ना फूल. अशी तहानलेली अनिमिता पाहून मला पुढे जाववत नाही, आईने लावलेली सवय. बाटलीभर पाणी ठेवलं, मेणबत्ती लावली. आणि पाणी दिलं की काहीतरी मागायचंही असतं. मी म्हटलं, खाण थांबायची असेल तेव्हा मला आदल्या दिवशी कळू दे. मागून मोकळी झाले आणि गुणगुणत घरी आले.

१७ मार्च
दुपारी वारा सुटला आणि खाणीचा भोंगा वाजला. लांबलचक, खालच्या पट्टीत, कुणी उशीत तोंड खुपसून रडावं तसा. दोन्या दोरीवरचे कपडे काढत होती, तिने मानसुद्धा वळवली नाही. विचारलं तर म्हणाली, कसला भोंगा? कानात वाळू गेलीय तुझ्या, तेल घाल. मला एकदम माझं मागणं आठवलं. अंगावर काटा आला, हसूही आलं. साहेबांना लिहून टाकलं, उद्या खाण बंद.

१८ मार्च
खरंच बंद! धुराडं थंड, ट्रक जागच्या जागी. साहेब फोनवर आनंदाने ओरडत होते. मी उड्या मारत जिना उतरले, तर दोन्या काळ्या कपड्यांना इस्त्री करत होती. दगड फोडायच्या यंत्रावरचा लिसान्द्रो पहाटे पट्ट्यात ओढला गेला. खाणीत माणूस गेला की त्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही, म्हणाली, एवढीही रीत नाही का तुमच्या दक्षिणेत? तिच्याबरोबर त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने माझ्या हातात कॉफी दिली, परकी असून आलीस, बरं केलंस म्हणाली. मी कप तसाच खिडकीत ठेवून निघाले.

२६ मार्च
पुन्हा भोंगा. पुन्हा फक्त मलाच.
फाटकावर जाऊन काय सांगणार होते? कोण जाणार ते कुठे माहीत आहे मला? मग लिहिलं. गावात कुणालाही सांगायच्या आधी साहेबांना लिहिलं.

२७ मार्च
खाण बंद. सुरुंग लावणारा आबेल गेला. परवाच आमच्याकडे पत्ते कुटून, मला हरवून, माझ्या वाटणीचा पाव खाऊन गेला होता. नोकरी पक्की झाल्याचा फोन आला. मी रडत होते आणि साहेबांचे आभार मानत होते. माझी मलाच किळस आली.
दोन्याला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, नाव असलेल्याकडे मागावं गं. त्याचं मागे कुणीतरी असतं, त्यांची तरी तो लाज धरतो. बिननावाच्याला नुसतं पाणी द्यावं आणि वाटेला लागावं. मग हळूच विचारलं, अन्सेल्मोचं नाव नाही ना घेतलंस? नाही म्हटलं, तेव्हा कुठे खाली बसली.
ते मला फक्त कळवतंय, की माझ्यासाठी घडवतंय? हे तिला विचारायचा धीर झाला नाही.

३ एप्रिल
भोंगा. उद्या अन्सेल्मोची दिवसपाळी आहे. दोन्याने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. जा, एवढंच म्हणाली.
वळणापर्यंत धावत गेले. पाणी ओतलं, गुडघे टेकले, आणि भीतीने जे तोंडाला आलं ते मागितलं— उद्या खाण थांबू देऊ नकोस. कधीच थांबू देऊ नकोस.

४ एप्रिल
थांबली नाही! कुणी गेलं नाही! दोन्याने मला इतकं घट्ट धरलं की बरगड्या दुखल्या. ट्रक फिरताहेत. फक्त दिवसपाळीच्या माणसांना घरी आणणारी बस अजून आली नाही. जादा काम असेल.

५ एप्रिल
बस आली नाही. फाटकावर बायका जमल्यात. आतलं कुणी फोन घेत नाही. जे आत बोलवायला गेले तेही परतले नाहीत. ट्रक डिझेल भरायलासुद्धा थांबत नाहीत—
साहेब खूश. भट्टी इतकी तापलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. तांबं उतू जाणार, म्हणाले.

७ एप्रिल
दुर्बिणीत अन्सेल्मो दिसला. ओठ फुटलेत. डोळे उघडे. आईला पाहून हात वर केला. ट्रक वळला— गेला— पुन्हा आला.
दोन्या कुंपणाची तार धरून हाका मारते. उतर रे राजा, जेवण गार होतंय.

८ एप्रिल
आज त्याने हात वर केला नाही.
खाण थांबवायला हवी. ती कशाने थांबते ते मला माहीत आहे. दोन्याला सांगितलेलं नाही— तिने जाऊ दिलं नसतं.

९ एप्रिल
अनिमितेपाशी बसून लिहितेय. पाणी ठेवलं. म्हटलं, आता थांबू दे. माझ्या जिवावर थांबू दे, रोसाल्बाच्या—
भोंगा! फाटकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. या वेळी सगळ्यांना ऐकू आला. ट्रक थांबताहेत, एकामागून एक. माणसं उतरताहेत— बायका आत पळाल्या—
अन्सेल्मो! रांगतोय, पण जिवंत. जिवंत आहे!
मी वाट पाहतेय. मला काहीच होत नाही. श्वास चालू आहे. हात चालू आहे. मग—
माझ्या बाटलीमागे आणखी एक बाटली आहे. आमच्या स्वयंपाकघरातली. काच अजून ओली— माझ्या आधी कुणी—
अन्सेल्मो कुंपणापाशी पोचलाय. कुणाला तरी हलवतोय, उठवतोय— ती उठत नाही— दोन्या, तू का— मी मागितलं होतं ना, मी—