सुनेच्या हातचा नाल

३ फेब्रुवारी
मुलाने हात मोडून घेतला! घोड्याने लाथ मारली असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. हा स्वतःच्याच चपलेवरून घसरला. मोठं प्लास्टर घातलंय. मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही, तोंड मात्र चालतं.

गाडीवाला येऊन गेला. "घोडीचे नाल झिजलेत. महिनाअखेरपर्यंत थांबतो. नाहीतर आम्ही सगळे गाडीवाले पुलापलीकडच्या नालवाल्याकडे जाऊ." ते गेले की आमच्या भट्टीला कुलूपच!

सून म्हणाली, "मी ठोकते." मुलगा हसला. मी नाही हसले. त्याच्या बापाच्या जोडीने मीही घण मारलाय. आता गुडघे वाकत नाहीत, एवढंच.

५ फेब्रुवारी
लोखंड पिकल्या संत्र्याच्या रंगाचं झालं की बाहेर. पांढरं होऊन ठिणग्या उडाल्या, की जळालं समज. सुनेने जाळलं. वर म्हणते, "आई, दिसत किती छान होतं!"

६ फेब्रुवारी
आजही छान दिसलं.

१४ फेब्रुवारी
दूधवाल्याचा म्हातारा घोडा सरावाला आणला. स्वभाव गरीब, उभ्या उभ्या झोपतो. सुनेने नाल घडवला — गोल गरगरीत, ताटात वाढावा असा! घोड्याचा खूर लांबट. तर ही बाई कानस घेऊन खूरच गोल करायला बसली!

"अगं, चप्पल चावली तर पाय तासतेस का?"

"पण आई, नाल इतका सुरेख झालाय..."

"मग भिंतीवर टांग!"

टांगला नाही. पुन्हा तापवला, खुराबरहुकूम वाकवला. मुलगा खाटेवरून सूचना देत होता. त्याला म्हटलं, तू चहा कर, एका हाताने होतो.

२० फेब्रुवारी
खिळे. खुराच्या तळाला कडेकडेने पांढरी रेघ असते, तिच्या आत जायचं नाही. आत जीव आहे. खिळा नीट चालला तर टणटण वाजतो. आवाज बसका आला की हात थांबला पाहिजे. सून डोळे मिटून ऐकते. मग हातोडा अंगठ्यावर! शिव्या येतात तिला. मला ठाऊकच नव्हतं. दोन तर नव्याच निघाल्या.

२७ फेब्रुवारी
घोडी आली. नखरेल आहे. गाडीवाला हाताची घडी घालून उभा. सुनेने खांदा टेकवला, पाय उचलला. तीन नाल झाले. चौथ्याच्या दुसऱ्या खिळ्याला आवाज बसका. मी तोंड उघडलं — तेवढ्यात तिचा हात थांबलेला! तिने खिळा उपसला. टोक कोरडं, रक्त नाही. जागा बदलून पुन्हा ठोकला. टण!

गाडीवाला म्हणाला, "चार दिवस चालवून बघतो." हं! बघ बघ.

सुनेला तोंडावर काही बोलले नाही. डोक्यावर बसेल. तू पण सांगू नकोस गं!

३ मार्च
घोडी दुडक्या चालीने दारावरून गेली. गाडीवाल्याने इकडे बघायचंसुद्धा टाळलं. पण मागोमाग त्याचा भाऊ आपली घोडी घेऊन आला!

२१ मार्च
मुलाचं प्लास्टर निघालं. सकाळीच हातोडा घेऊन ऐटीत बसला. गाडीवाला आला, आत डोकावला. "तुम्ही राहू द्या. वहिनी कुठंयत?"  मुलगा हातोडा बायकोच्या हातात देऊन भात्याशी जाऊन बसला. लिही — भाता छान ओढतो.