अर्धी राहिलेली निजामशाही

रवि., ५ जाने. २०२५
सकाळी फोन. शिर्डीहून परत जाताना किल्ला बघायचाय, सर दाखवतील का. म्हटलं, "सर घरी नाहीत." खोटं कुठंय त्यात? मनू पुण्याहून आलीय, तिनं ऐकलं. "आई, बाबा गेले असं सांगायचं गं." बरं म्हटलं. मेथी निवडत बसले.
रडू येत नाही. येत नाही तर नाही.

गुरु., ९ जाने.
कांबळेभाऊजी आले. ह्यांच्या शाळेतले, दर रविवारी किल्ल्यावर ह्यांच्यासोबत असायचे. खुर्चीच्या कडेवर बसले.
"वहिनी, त्या रविवारची माणसं विचारताहेत."
त्या रविवारी हे खंदकाच्या पुलावर बोलता बोलता खाली बसले, ते उठलेच नाहीत. निजामशाहीचा उदय सांगून झाला होता. अस्त राहिला.
"राहिलेलं तुम्ही सांगा. तुम्हाला सगळं पाठ आहे."
पाठ कसलं! जन्मभर डोकं खाल्लंय माझं. मी फोडणी घालायची, हे ओट्याशी उभे राहून सराव करायचे. मी ओरडायची, "बुडवा हो ती तुमची निजामशाही एकदाची, वरण थंड होतंय!"
नाही म्हणून सांगितलं. भाऊजी चहा तसाच ठेवून गेले.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. समोरची सुनीता तिळगूळ द्यायला आली. हळदीकुंकवाचा करंडा पदराआड. लपवतेस कशाला बाई, दिसतोय की! बोलले नाही. तिळगूळ बरा होता, जरा कडक.
चौकातल्या पाटीवर शहराचं नवं नाव आलंय. दारावरची ह्यांची पाटी तशीच. मनू म्हणाली, काढायची का? म्हटलं, राहू दे.
पोळ्या करताना उगाच तोंडातून आलं, "पहिल्या निजामशहानं जिथं लढाई जिंकली, तिथंच हे शहर वसवलं..." अगदी ह्यांच्याच चालीत. मनू दारात उभी. पोळी करपली.

शुक्र., १७ जाने.
कांबळेभाऊजींना फोन केला, रविवारी येते म्हणून. का केला, ठाऊक नाही.

रवि., १९ जाने.
सांगितलं. त्याच पुलावर. जुनी माणसं होतीच, शिवाय राहात्याचं एक शेतकरी जोडपं.
तटाला भगदाड पडलं, चांदबीबीनं रातोरात बुजवून घेतलं. सगळे खूश. मग तिला तिच्याच लोकांनी किल्ल्यात मारलं. मग नावापुरते राजे. शेवटचा तर पोरच. मोगलांनी दौलताबाद घेतला, पोराला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. "संपली निजामशाही," म्हटलं. आवाज हलला नाही.
राहात्याच्या बाईनं हात धरला. "लई ग्वाड सांगितलं बाई. पर सर कुटं हायेत? मागं आल्तो तवा सर हुते."
मारलं म्हटलं, संपली म्हटलं. अख्खं राजघराणं बुडवून मोकळी झाले, आणि ह्यांच्यासाठी तोंड उघडेना. भाऊजी खंदकात बघत राहिले.
"घरी नाहीत," म्हटलं.
"मंग आले की सांगा, राहात्याची मानसं यून गेली."
बरं म्हटलं.

रवि., २६ जाने.
मनू काल पुण्याला गेली. घर गप्प. एकटीपुरतं वरण टाकलं. ओट्याशी ह्यांची जागा मोकळी. तिकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "अहो, राहात्याची माणसं येऊन गेली." निरोप होता, दिला.
तेवढ्यात फोन. "सर आहेत का?"
"थांबा हं," म्हटलं. गॅस बंद केला. माणूस अजून थांबलेला. सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. तो बिचारा "काय झालं ताई, काय झालं" करत राहिला. मी काही सांगितलंच नाही.
उद्या परत फोन करतो म्हणाला.