कॅप्टन टकर अजून सापडलेला नाही

टिकल कोव्ह, न्यूफाउंडलंड
१९ मार्च

आदरणीय हेडली भावोजींना व्हायोलाचा नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? अल्बर्टाच्या तेलखाणीत पैसा मिळतो पण कंबर जाते म्हणतात, तेव्हा जपा. आईंची तब्येत ठणठणीत. ब्याऐंशीव्या वर्षी रविवारचं खारं मांस आणि कोबी संपवून वर माझ्या ताटाकडे बघतात. मी बरी आहे. (बरी म्हणजे काय, उभी आहे.) तुमचा भाऊ सायलस छोटी बोट घेऊन समुद्रावर पक्षी मारायला गेला त्याला उद्या पाच आठवडे होतील. शोध थांबवल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलं, पण त्यानंतर इथे जो तमाशा चाललाय तो फोनवर सांगण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र.

चर्चच्या हॉलमधल्या आपल्या गावच्या रेडिओ केंद्रावर मी लिहिलेलं विनोदी नाटक दर रविवारी लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कॅप्टन टकर नावाचा अंतराळवीर नकाशा उलटा धरल्यामुळे आकाशात हरवतो आणि मानी स्वभावामुळे कुणाला वाट विचारत नाही. (कुणावरून लिहिलाय ते सांगायला नकोच.) टकरचं काम सायलस करायचा. तालमीला यायचा नाही, तोंडात पेपरमिंट ठेवून बोलायचा, आणि तरी सगळं गाव खो खो हसायचं. चार भाग आधीच टेप करून ठेवले होते. शोध थांबला तेव्हा रेडिओ चालवणारी ट्रायफिना फज हळूच म्हणाली, आता नाटक बंद करू या. आईंनी टेबलावर मूठ आपटली. "लाव गं! माझ्या पोराचा आवाज आहे तो!" झालं. ज्या माणसाला सगळं गाव नऊ दिवस समुद्रावर शोधत होतं, तोच रविवारी जेवणानंतर घराघरांत बोलू लागला, "हॅलो, कुणी आहे का? मी हरवलोय, पण माझी काही चूक नाही." कुणी हसलं नाही. मी एकटी हसले. माझाच विनोद, कुणीतरी हसायला नको?

सोमवारी सकाळपासून ट्रायफिनाचा फोन वाजायला लागला. तक्रारी नव्हत्या हो, सल्ले होते! टकर निघाला तेव्हा वारा कुठला होता, जवळ पाणी किती होतं, आजूबाजूला कुणाकुणाची यानं होती. हरवलेला माणूस म्हटलं की आपल्या लोकांना चैन पडत नाही, मग तो नाटकातला का असेना. म्हातारा यूरायह पार्डी तर पेन्सिल आणि कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मी म्हटलं, काका, अंतराळात वारा नसतो. तो विचारात पडला. मग म्हणाला, "वारा नाही? अगं, मग तर फार लांब गेलाच नसेल तो!" मी त्याला चहा दिला आणि मागच्या अंगणात जाऊन पोटभर रडले. मेल्याने समजावायच्या नादात जीवच घेतला माझा.

त्यातून ते यानाचं इंजिन! तो आवाज म्हणजे माझं वॉशिंग मशीन. नवरा समुद्रावर निघतो त्या दिवशी बायकोने धुणं काढायचं नाही, माणूस वाहून जातो, हे इथल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक. आणि मी शहाणी, नेमकी त्याच सकाळी पाचव्या भागासाठी मशीन लावून समोर माइक धरून बसलेली. बायका केक घेऊन भेटायला आल्या, गळ्यात पडून रडल्या, आणि निघताना दारात हळूच विचारलं, मशीन रिकामं होतं ना? मी म्हटलं, रिकामं. (भावोजी, रिकामं नव्हतं. त्याचा निळा स्वेटर होता. तुम्हालाच सांगतेय.)

गेल्या रविवारी चौथा भागही लागून गेला. पाचवा भाग लिहिलेला नाही. पाद्रीबाबांचं म्हणणं, टकरला सन्मानाने मरू दे, म्हणजे आई सायलससाठी प्रार्थनासभा ठेवायला तयार होतील. गावाचं म्हणणं, तो घरी आलाच पाहिजे, नाहीतर हॉलच्या काचा फोडू. मी रोज कागद घेऊन बसते आणि रोज टकरला आणखी एक दिवस तरंगत ठेवते.

बाकी इकडे बर्फ पुष्कळ आहे. कमरेला शेक देत जा.

तुमची धाकटी भावजय,
व्हायोला

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की तुमचा आणि त्याचा आवाज एक आहे. तुमचा फोन आला की कुत्रं अजून दाराकडे धावतं. शनिवारच्या आत या. पाचव्या भागात टकरची चारच वाक्यं आहेत: "बंदर दिसलं. दोर टाका. भूक लागलीय. आलो." आईंसाठी एवढं करा.

ता. क. दुसरा. आईंसाठी, हे खोटं. त्यांनी त्याचे बूट कधीच यूरायहला देऊन टाकले, आणि सभेत कुठलं भजन म्हणायचं तेही ठरवलंय. सभेला नको नको म्हणणारी मी आहे, नाव त्यांचं सांगते. चार वाक्यं झाली की टेप बंद करायच्या आधी एकदा "व्हायोला, आलो गं" असं म्हणा. नाटकात व्हायोला नावाचं कुणी नाही, तेवढं मी कापून टाकीन. एकदा ऐकते, आणि मग पाद्रीबाबांना तारीख देते.