आपट्याच्या पानांबरोबर

येलहंका, बंगळूर
२४ सप्टेंबर १९९७

तीर्थस्वरूप विश्वासदादांस वासंतीचा नमस्कार. वि. वि. इकडील सर्व खुशाल, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. खुशाल नाही.

आपला धाकटा प्राणेश आमच्याकडे राहायला येऊन वर्ष झालं. कॉम्प्युटर कंपनीतली नोकरी बरी चालली आहे. पण आईने मला दिलेलं अंथरुणांचं लाकडी कपाट त्याने महिन्यापूर्वी रिकामं केलं. माझ्या गोधड्या आता ट्रंकेवर पडल्यात. कपाटाला आतून चंदेरी कागद चिकटवला, ट्यूबलाइट लावल्या, एक मोडका पंखा बसवला आणि बाहेरून कुलूप घातलं. विचारलं तर म्हणतो, औषधी रोपं आहेत, प्रयोग चाललाय. फटींतून उजेड दिसतो आणि कपाट सारखं घुमत असतं. ज्याने जन्मात देवाला हात जोडले नाहीत, तो दिवसातून तीनदा उदबत्ती लावतो!

खालचे घरमालक विश्वेश्वरअण्णा पोलिसातून निवृत्त झालेले. दिवसभर फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. परवा मला थांबवून म्हणाले, की अक्का, वरून स्वल्प वास येतो, कसला? मी धूप घातला म्हणून सांगितलं आणि भराभर जिना चढले. खोटं का बोलले ते माझं मलाच कळेना. हे पीण्या वसाहतीतल्या कारखान्यातून दमून येतात, त्यांना काही बोलले नाही. काय करू ते तुम्हीच सांगा. आईला पत्र वाचून दाखवताना मात्र एवढं गाळा.

माया आहेच, ती उत्तरातून लवकर दिसावी.
तुमची वासंती


बेळगाव
२९ सप्टेंबर १९९७

चि. सौ. वासंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला वाचता येत नाही, म्हणून घरात आलेलं प्रत्येक पत्र मोठ्याने वाचायचं, हे मी हाफपँटीत होतो तेव्हापासून चालत आलंय. त्याच ठसक्यात वाचत गेलो आणि ‘एवढं गाळा’ हे तुझं अगदी शेवटी आलं! गाळायचं असेल ते आधी सांगत जा, बाई.

शेजारचा महांतेश, कृषी खात्यातला, नेमका चहाला बसला होता. तो पोट धरून हसला. कपाटात टोमॅटो लावले असतील म्हणाला. तू लहानपणी न्हाणीघरातल्या बेडकाला भिऊन दोन दिवस आंघोळ टाळली होतीस, तेही मी त्याला सांगितलं. आई मात्र हसली नाही. पान कसं आहे, असं तिने दोनदा विचारलं. दसऱ्याला आपट्याची पानं पाकिटातून पाठवतेसच, त्यांत त्या झाडाचंही एक घाल, असं तीच म्हणाली. महांतेश ओळखील. उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

जावईबापूंना नमस्कार सांगावा आणि आम्हां सर्वांची आठवण असू द्यावी.
विश्वास


येलहंका
७ ऑक्टोबर १९९७

ती. स्व. दादांस नमस्कार. सोबत आपट्याची चार पानं, घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यावीत. पाचवं कपाटातलं.

आज प्राणेश कामावर गेल्यावर उशीखाली किल्ली सापडली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत चार झाडं आहेत, कमरेइतकी. पानं पंजासारखी, कडा करवतीसारख्या. चोरासारखं एक खुडलं आणि कुलूप लावलं. पाकीट गोंदाने घट्ट चिकटवते आहे. महांतेशभाऊंना दाखवून लगेच कळवा.

आईला सांभाळा, मला विसरू नका.
वासंती


येलहंका
१० ऑक्टोबर १९९७

दादा, हे पत्र मोठ्याने वाचू नका. कुणापुढेही नको.

तो गांजा आहे.

खुडलेला देठ प्राणेशला दिसला. पांढराफटक पडला आणि पान कुठे गेलं म्हणून माझे खांदे गदागदा हलवले. पोस्टाने पाठवलं म्हटल्यावर मटकन खालीच बसला. ऑफिसात कॉम्प्युटरवरून कागद छापून आणले होते, ते वाचून शिकला. विकायचा नाही, आपल्यापुरता आहे, असं पुन्हा पुन्हा म्हणतो. पकडलं तर दहा वर्षं जाऊ शकतात, हेही त्यानेच सांगितलं. आणि पाकिटावर माझं नाव, माझा पत्ता, माझं अक्षर!

झाडं आताच्या आता उपट म्हणून मी पाया पडले. तर म्हणतो, टाकू कुठे? फाटकाशी अण्णा बसलेले असतात. मग हळूच म्हणाला, काढणीला वीसच दिवस राहिलेत. दादा, त्याला सोडवत नाही हे माझ्या लक्षात आलं आणि मला अण्णांपेक्षा त्याचीच भीती वाटली. जिन्यावर पाऊल वाजलं की मी देवघरात जाऊन उभी राहते. उद्या दसरा आहे आणि घरात गोड करायचं त्राण नाही. ते पान जाळून टाका.

तुमच्याशिवाय कुणी नाही, एवढं जाणून असा.
वासंती


बेळगाव
१४ ऑक्टोबर १९९७

चि. वासंतीस आशीर्वाद.

हे दुकानात बसून लिहितोय. तुझं दहा तारखेचं पत्र न्हाणीघरात कडी लावून वाचलं. आईला सांगितलं, दिवाळीला येण्याबद्दल आहे. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता ऐक आणि घाबरू नकोस, मी पुरेसा घाबरलो आहे. पाकीट दसऱ्याच्या आदल्या दिवशी आलं. मी दसऱ्याला सगळ्यांसमोर फोडलं. आत आपट्याची पानं चार, पाचवं नाही. पाकिटाची कड भाताच्या शिताने चिकटवलेली. तू तर गोंद लिहितेस. पोस्टात कुणी उघडलं की काय? तुझं पत्र मी तसंच मोठ्याने वाचून टाकलं होतं, कुलूप, किल्ली, सगळं. महांतेश समोरच होता. पंजासारखं पान ऐकल्यावर तो चहा न घेता उठून गेला. त्यानंतर आलेला नाही. फाटक वाजलं की मी खिडकीच्या आडून बघतो. आजवर तुझी चेष्टा केली, ती माफ कर.

प्राणेशला माझी शपथ घाल. धीर धरावा, आणि आम्हालाही द्यावा.
विश्वास


बेळगाव
१६ ऑक्टोबर १९९७

चि. प्राणेशास आईचे आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. मला वाचता येतं. वाचून झालं की पत्र वासंतीला दे. मोठ्याने वाचू नका.

पान मी काढलं. पोस्टमन पाकीट माझ्याच हातात देतो. वाफेवर उघडलं, पान चुलीत घातलं, शिताने चिकटवलं. विश्वास पोस्टाला भितो आहे, त्याला आज सांगते. महांतेशच्या घरीही मीच जाऊन आले. तो कुणाला सांगणार नाही, पण माझ्याकडे वर मान करून बघेना.

तुमचे आप्पा काशीला तापाने गेले असं मी सांगत आले. ते गेले तुरुंगात. परसात तुरीच्या आड अशीच चार झाडं होती. विकत नव्हते, आपल्यापुरती म्हणायचे. मला ठाऊक होतं. बाहेरून दिसू नयेत म्हणून तुरीची रांग मीच दाट केली. तेव्हा बोलले असते तर कदाचित ते राहिले असते. तू पोटात होतास.

तिथून ते पत्रं लिहायचे. दुसऱ्याकडून वाचून घेतली असती तर गावभर झालं असतं, म्हणून मास्तरीणबाईंकडे लपून अक्षरं शिकले. अकरा पत्रं आली. बारावं कारकुनाच्या हातचं होतं, ते गेल्याचं. त्यानंतर मला वाचता येतं हे कुणाला कळू दिलं नाही. का शिकलीस, असं कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होते?

बुधवारच्या गाडीने येते. एकटी येईन, पाट्या वाचत. ते कपाट माझं आहे, त्यात माझी गोधडी ठेवायची आहे. मी उघडीन तेव्हा ते रिकामं असू दे.

मला पुन्हा कारकुनाचं पत्र वाचायला लावू नकोस.
तुझी आई
विठाबाई