उल्कावीराचा शेवट

३ फेब्रुवारी, मंगळवार

मेहकर–खामगाव, सकाळची फेरी. मागच्या सीटवर कॉलेजच्या पोरी भांडत होत्या. विषय उल्कावीर. नवा पिक्चर भारी की जुना. ऋतुजा (जानेफळला चढते, पास आहे, खिडकी सोडत नाही) म्हणत होती, "जुना तं टुकार हाये. उडताना दोरी दिसते."

दोरी दिसते हे खरं आहे. पण माझं डोकं सटकलं. म्हटलं, बाई, तू जन्मली नव्हतीस तेव्हा मी तो मेहकरच्या टॉकीजमध्ये पाहिला, दोरीसकट. अख्ख्या पिक्चरमध्ये त्याचं तोंड दिसत नाही. मुखवटा निघतो तो एकदाच, शेवटी, आईसमोर. आणि खाली कोण? साधा मिशीवाला माणूस. तुमच्या नव्यात आहे का हे?

कंडक्टर बाई असं काही बोलेल हे पोरींना वाटलं नसावं. ऋतुजा म्हणाली, "मॅडम, आधी नवा पाहून या, मंग बोलू."

या नादात देऊळगावच्या दोघांची तिकिटं मारायची राहिली. ड्रायव्हर जाधवभाऊ आरशातून, "मॅडम, उल्कावीर फुकट चालला काय?"

५ फेब्रु., गुरु.

पाहिला. खामगावला मुक्कामाची ड्यूटी होती, दुपारचा शो.

सरोवर निळंशार. काठावर उंच उंच परदेशी झाडं. अरे, आमच्या लोणारला बाभळी आहेत. उल्कावीराच्या मूळ कॉमिकमध्ये सरोवराचं नाव दिलेलं नाही, पण आभाळातून दगड पडून झालेलं खारं सरोवर दुसरं कुठलं? सुलतानपूरची आम्ही पोरं तर त्याला आपला गाववालाच समजायचो. भाड्याने आणलेलं कॉमिक फाटेपर्यंत वाचायचो. मुखवट्याखाली कोण, हे त्यात कधीच सांगितलेलं नाही.

नव्यात पहिल्या पाच मिनिटांत मुखवटा खाली. हिरोला एवढे पैसे दिलेत तर तोंड दाखवावंच लागणार. आई आहे, पण ती फक्त देवाला दिवा लावते.

मारामारी चांगली. दगडाचा पाऊस फारच चांगला. हे लिहिते, पण पोरींना सांगणार नाही.

बसस्टँडवर बसून घरच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं. सिद्धूसाठीच. माझा धाकटा भाऊ, पुण्यात कंपनीत आहे. उ.वी.चं माझ्याइतकंच वेड दुसऱ्या कुणाला असेल तर त्यालाच.

६ फेब्रु., शुक्र.

सि.चं उत्तर. नवा शंभर पटीने चांगला म्हणे. कारण काय, तर शेवटी सगळं आटोपल्यावर उ.वी. आभाळात निघून जात नाही. इथेच राहतो, सकाळी उठून कामाला जातो. "जुन्यातही हेच होतं ताई, फक्त भिकार केलं होतं. आणि मुखवटा त्यात निघतच नाही. तू मनाने शेवट बनवतेस."

मी? मनाने? मला अजून डोळ्यांसमोर दिसतो तो मुखवटा निघताना.

लिहिलं, तू पाच वर्षांचा होतास, झोपला असशील. त्यावर तो, "मी टक्क जागा होतो. तुझ्याबरोबर आलोच नव्हतो, मला गोवर होता. बाने मला नंतर वेगळं नेलं." हे खरं आहे. मी विसरले होते.

इथे थांबायला हवं होतं.

८ फेब्रु., रवि.

थांबले नाही. दोन दिवस चाललं. तो म्हणाला, तुमची पिढी जुन्यालाच चिकटून बसते. पिढी? चार वर्षांनी मोठी आहे मी. मग मी लिहिलं, "एवढं खात्रीने बोलतोस तर बाला येऊन विचार. दिवाळीनंतर तोंड दाखवलं नाहीस. तुझ्या उल्कावीराला कामातून सवड मिळेना का?"

ग्रुपवर मामेभाऊ, आत्या, सगळे.

संध्याकाळी, 'सिद्धार्थ यांनी ग्रुप सोडला'.

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. पिक्चरवरून भांडलो असं यजमानांना सांगितलं तर ते हसले. हसण्यासारखंच आहे. पण मी पिक्चरवरून बोलले नव्हते, आणि सि.ला ते कळलं.

११ फेब्रु., बुध.

सुलतानपूरहून बाचा फोन. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन १९ तारखेला, खामगावला. बाला एकच विचारायचं होतं. "सिद्धू येनार हाये नं? मले तं काई बोलला नाई."

बाकडे साधा फोन आहे, ग्रुपचं त्याला काही माहीत नाही. मी म्हटलं, येईल की. "हाव, येईनच," बा म्हणाला. मग हरभऱ्याचं बोलत राहिला.

आता सि. आला नाही तर ते माझ्यामुळे. बा त्याला काही म्हणणार नाही, मलाही नाही. पट्टी बांधून खाटेवर बसेल आणि दार वाजलं की मान वळवेल. मला ते बघवणार नाही.

१४ फेब्रु., शनि.

ऋतुजा उतरता उतरता, "मॅडम, जुना सापडला. मामाकडं सीडी व्हती, त्यानं कॉम्प्युटरवर घेतला. पाठवू का?" आणि वर, "पन त्याचा शेवट तुम्ही म्हन्ता तसा..."

म्हटलं, थांब. एक अक्षर बोलू नको.

दुपारी फाइल आली. डेपोत डबा खाताना फोन समोर ठेवला होता. शेवटचा भाग लावून बघायला कितीसा वेळ लागतो? मी बरोबर निघाले तर सि.ला दाखवून देता येईल. पण मग काय होईल, तो येणारच नाही.

त्याला एकट्याला मेसेज टाकला. "जुना मिळाला. मी बघितलेला नाही. एकटीने बघणार नाही. बाचं ऑपरेशन १९ ला. त्या दिवशी मी जास्तच बोलले."

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१७ फेब्रु., मंगळ.

उत्तर नाही. पोरींशी आज बोलले नाही. ऋतुजाने मागून विचारलं, "पाह्यला?" नाही म्हणून मान हलवली फक्त. खामगावपर्यंत तिकिटाच्या मशीनकडे बघत बसले.

१९ फेब्रु., गुरु.

बाला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर. वळून बघते तर सि. पाठीला बॅग लावून उभा. डोळे लाल, पुण्याहून गाडीत बसून आलेला.

"चहा घेतला का?" मी.

"हो."

एवढंच. मग दोघंही भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत बसलो.

बा बाहेर आला. सि.ने हाक मारली. आवाजावरून ओळखलं त्याने, "आला काय बे?" सि. म्हणाला, "आलो न बा." बाने त्याचा दंड चाचपला, मग माझा, आणि दोघांच्या मध्ये चालायला लागला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिलाय. आठ दिवस टीव्ही नाही, मोबाईल नाही. सि. म्हणाला, "बा, तू आता खरा उल्कावीर दिसू राह्यला." बा खूश. मला हसू आलं, पण सि.ने माझ्याकडे पाहिलं नाही म्हणून दाबून टाकलं.

२२ फेब्रु., रवि.

सुलतानपूर. आजचं सगळं लिहून ठेवते, नंतर गोंधळ नको.

सि. अजून माझ्याशी बाच्या आडून बोलत होता. "बा, ताईला विचार मीठ कुठंय." जेवण झाल्यावर बाच म्हणाला, "तो पिच्चर आनला म्हन्तेस नं? लावा. मी आयकतो." मी त्याला सकाळी सांगितलं होतं, भांडणाचं सोडून.

सि.ने फोन टीव्हीला जोडला. बा खाटेवर, काळा चष्मा लावून, पाठ टीव्हीकडे. डॉक्टरांचा शब्द.

पिक्चर टुकार आहे. आता लिहायला हरकत नाही. दोरी तर दिसतेच, दोरी ओढणाऱ्याचा हातही दिसतो. पण दगड पडतो तिथे मी आणि सि. दोघांनी एकदमच "धडाड" म्हटलं. लहानपणी अंगणात खेळताना म्हणायचो तसंच. मग सि. थेट माझ्याशी बोलायला लागला. "पाह्य, पाह्य, आता तो इहिरीतून निघते." निघाला.

सरोवराच्या काठावरची शेवटची मारामारी सुरू झाली. ढोल वाजायला लागले. आणि बा उठला. पायाने चपला शोधायला लागला.

"काय झालं बा?"

"चाल, गाडी सुटंल," बा म्हणाला, आणि मग स्वतःच हसायला लागला. "सवय रे बाप्पा. हे ढोल आले का उठाचं."

मी फोन थांबवला. उ.वी. पडद्यावर हवेत लटकलेला, मुखवट्यासकट.

बा गावचा नळ सोडायचा. ग्रामपंचायतीचं काम, पहाटे चावी फिरवली नाही तर गाव बोंबलायचं. मेहकरहून लोणारची शेवटची गाडी चुकवून चालायचं नाही. म्हणून ढोल वाजले की उठायचं.

सि. हळूच, "मंग शेवट?"

"म्या कुठं पाह्यला शेवट? एकाबी पिच्चरचा नाई पाह्यला. गाडीत तुमी पिरपिर कराचे, पुढं काय झालं, पुढं काय झालं. मंग सांगाचो काहीतरी."

मी म्हटलं, "मले तं सांगितलं का त्यानं मुखवटा काढला. आईसमोर."

"तू राहू राहू इचारे, त्याच्या मायले मालूम हाये का, ते ओळखंल का त्याले. मंग काय सांगू? म्हटलं, काढला मुखवटा, ओळखलं मायनं."

"आन मले?" सि.

"तुले तं एकच भेव, आता हा आभाळात जाते काय. रडाले लागला. म्हटलं, नाई जात बे. घरी गेला, झोपला, सकाळी उठून कामाले गेला."

आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. आम्ही तिघंही ते बोललो नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पातेलं घासत बसले, कारण रडू आवरेना.

मला तो एसटीचा लाल डब्बा आठवला, गाडीतला पिवळा दिवा, आणि बा दोन्ही हातांनी तोंडावरून काहीतरी वर उचलून दाखवत होता. मुखवटा. खाली जे तोंड होतं त्याला मिशा होत्या. बाच्याच होत्या. इतकी वर्षं पोरींशी, सि.शी, जगाशी भांडले, आणि ते तोंड कुणाचं हे माझ्या लक्षात आलं नाही.

बाहेर आले तर सि. रिमोट हातात घेऊन बसलेला. "लावू का पुढचं?" मला विचारलं, बाला नाही.

मी म्हटलं, तू सांग.

तो म्हणाला, तू सांग.

बा कंटाळला. "लाइट जाईन तवर ठरवा. नाई तं तुमीच सांगा मले, पुढं काय झालं. म्या सांगितलं नं तुमाले."

मग सि.ने सुरुवात केली. मारामारी त्याने सांगितली, तोंडाने आवाज काढून. दगड कुठे पडला ते मी. आई आल्यावर तो थांबला आणि म्हणाला, इथून ताई. मी मुखवटा काढला. पुन्हा त्याने घेतलं, आई म्हणाली जेवून जा, मग तो जेवला, झोपला, सकाळी कामाला गेला. बा "हं, हं" करत होता. मग हं थांबलं. झोपला होता, चष्मा लावूनच.

टीव्ही बंद केला. सि. म्हणाला, "नवाच भारी आहे तरीपण." म्हटलं, सरोवराकाठी परदेशी झाडं लावणाऱ्यांचं कौतुक मला सांगू नको. तिथून अंधार पडेपर्यंत भांडलो. बरं वाटलं.

२७ फेब्रु., शुक्र.

सि. सोमवारीच पुण्याला गेला. ग्रुपवर परत घेतलं त्याला. आल्या आल्या नव्या उ.वी.चा फोटो टाकला, खाली लिहिलं, "आत्या, तुम्ही कुणाच्या पक्षात?" आत्याने हात जोडलेले पाठवले.

बाला डाव्या डोळ्याने स्वच्छ दिसतं आता. उजव्याचं पुढच्या महिन्यात. सि. म्हणाला येतो. या वेळी बाला नाही, मला सांगितलं.

जानेफळला ऋतुजा चढली. "मॅडम, पाह्यला का शेवट?" म्हटलं, नाही. "अजून नाई? मंग भांडता कशाच्या जोरावर?" सगळ्या पोरी हसल्या. मीही. तिला सांगावंसं वाटलं होतं, पण देऊळगाव आलं, माणसं चढली, तिकिटं मारायची होती.

फाइल फोनमध्ये आहे. ढोलांपाशी थांबवलेली. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिघांनी बघायची असं ठरलंय. बाने स्वतः म्हटलं, एकदा पाहू तं द्या मले, काय करते शेवटी तो.

निघताना सि.नेही ती त्याच्या फोनवर घेतली. पुण्याचा प्रवास लांबचा आहे, गाडीत करायला काही नसतं. बघितली असेल का? विचारलं तर तो खरं सांगेल, म्हणून विचारत नाही.